केव्हीएम स्विच: चित्र जाणे, कीबोर्ड न ओळखणे आणि योग्य केबलची निवड

मुळाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. घरातील एकाच टेबलावर कार्यालयाचा लॅपटॉप आणि माझा स्वतःचा डेस्कटॉप असे दोन संगणक आहेत. दोन्हींना एकच २७ इंची फोर-के मॉनिटर, एकच कीबोर्ड आणि एकच माऊस पुरावा म्हणून मी डिस्प्लेपोर्टचा (मॉनिटरला चित्र नेणाऱ्या एका प्रकारच्या जोडणीचा) केव्हीएम स्विच, म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस एका संगणकावरून दुसऱ्याकडे वळवणारी पेटी, घेतला आहे. डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डापासून स्विचपर्यंत ३ मीटरची आणि स्विचपासून मॉनिटरपर्यंत २ मीटरची केबल आहे. लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट नाही, त्यामुळे तो यूएसबी-सी डॉकमधून (एका यूएसबी-सी पोर्टवरून मॉनिटर आणि इतर उपकरणे जोडून देणाऱ्या पेटीतून) जोडला आहे.

अडचणी अनेक आहेत. लॅपटॉपवरून डेस्कटॉपवर आल्यावर कधी पडदा काळाच राहतो, तर कधी काही सेकंदांनी चित्र येते, पण रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलते तो आकडा) ६० हर्ट्झऐवजी ३० हर्ट्झ झालेला असतो आणि माऊसचा बाण अडखळत सरकतो. लॅपटॉपवर तर ६० हर्ट्झ कधीच मिळालेले नाही. स्विचवर ज्या पोर्टवर कीबोर्डचे चिन्ह छापले आहे तेथे माझा मेकॅनिकल कीबोर्ड लावला की त्याचे दिवे लागतात, परंतु अक्षरे उमटत नाहीत. बिनतारी माऊसचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) स्विचच्या मागच्या बाजूला आहे आणि माऊस मधूनच थबकतो. दुसऱ्या संगणकावर जाऊन परत आल्यावर लॅपटॉपवरील सगळ्या विंडो त्याच्या लहान पडद्यावर गोळा झालेल्या दिसतात. शिवाय केबल काढता-लावताना कनेक्टरच्या धातूला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात. दुकानदाराच्या मते स्विचच खराब आहे आणि त्याहून महागडा घेणे हा एकच उपाय आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तांबेतार

मुळाकाठ, स्विच बदलण्याआधी थोडे थांबा. या अडचणी एकाच वेळी दिसत असल्या तरी त्यांची मुळे वेगवेगळी आहेत आणि त्यांतील बहुतेक स्विचच्या बाहेर आहेत. केव्हीएमच्या पेटीत प्रत्यक्षात दोन स्वतंत्र यंत्रणा असतात, एक चित्राचा मार्ग बदलते आणि दुसरी यूएसबीचा. दोन्ही एकाच बटणावर चालतात एवढाच त्यांचा संबंध. म्हणून चित्राची तक्रार चित्राच्या तारेवर आणि कीबोर्डची तक्रार यूएसबीच्या तारेवर शोधावी. एवढे पथ्य पाळले तरी निम्मी धावपळ वाचते.

आधी ३० हर्ट्झचे पाहू. डिस्प्लेपोर्टच्या केबलमध्ये चित्र वाहून नेणाऱ्या ४ वाहिन्या असतात आणि प्रत्येक वाहिनी म्हणजे तारांची एक जोडी. १.२ आवृत्तीपासून एक वाहिनी सेकंदाला ५.४ गिगाबिट नेऊ शकते. चार मिळून २१.६ गिगाबिट होतात, पण तारेवरच्या दर १० बिटांमागे खऱ्या माहितीचे ८ बिट असल्यामुळे हाती १७.२८ गिगाबिट राहतात. ३८४० बाय २१६० चे चित्र ६० हर्ट्झने न्यायला सुमारे १२.८ गिगाबिट लागतात, म्हणजे ते यात सहज मावते. मात्र जोडणी झाल्यावर चित्र पाठवण्याआधी संगणक आणि मॉनिटर चाचणीचे सिग्नल वापरून ही तार कोणता वेग सोसते ते ठरवतात. चाचणीत चुका आढळल्या तर ते एक पायरी खाली येतात, आणि ती पायरी दर वाहिनीला २.७ गिगाबिटांची आहे. मग चारही वाहिन्यांची उपयोगी क्षमता ८.६४ गिगाबिट उरते. त्यात ६० हर्ट्झ मावत नाही. ३० हर्ट्झला ६.३ गिगाबिटांच्या आसपासच लागतात, ते मावते. तुमच्या डेस्कटॉपवर कधी ६०, कधी ३० आणि कधी काळा पडदा दिसतो, त्यावरून तार काठावर चालली आहे असे मी म्हणेन. चाचणी कधी उत्तीर्ण होते, कधी होत नाही.

याचे कारण लांबीत आहे. स्विच सिग्नल नव्याने घडवणारा नसेल तर ३ मीटर आणि २ मीटर अशा दोन वेगळ्या केबल नसून, मध्ये दोन जास्तीचे कनेक्टर असलेली ५ मीटरची एकच केबल आहे असे धरावे लागते. साध्या तांब्याच्या केबलला या वेगाला एवढी लांबी झेपत नाही. दोन्ही बाजूंना प्रत्येकी दीड मीटर किंवा त्याहून आखूड केबल लावून पाहा. डेस्कटॉप दूरच ठेवावा लागणार असेल तर लांब पल्ल्यासाठी सक्रिय किंवा प्रकाशीय केबल घ्या. ती एकाच दिशेने चालते, त्यामुळे टोकांवर छापलेल्या खुणा पाहून संगणकाचे टोक संगणकाकडे लावण्याची खबरदारी घ्या.

लॅपटॉपचे प्रकरण निराळे आहे. यूएसबी-सीच्या तोंडात वेगवान तारांच्या ४ जोड्या असतात. डॉक त्यांपैकी २ जोड्या चित्रासाठी घेतो आणि उरलेल्या २ यूएसबी ३ साठी ठेवतो. दोन वाहिन्या ५.४ गिगाबिटांनी चालल्या तर उपयोगी क्षमता पुन्हा ८.६४ गिगाबिटच होते, म्हणजे ३० हर्ट्झ. लॅपटॉप, डॉक आणि मॉनिटर तिघेही ८.१ गिगाबिटांचा वेग जाणत असतील तर दोन वाहिन्यांतून १२.९६ गिगाबिट मिळतात आणि ६० हर्ट्झ जेमतेम बसते. पण मग मधला स्विच आणि केबलही त्या वेगाला टिकल्या पाहिजेत. खात्री करण्यासाठी स्विच बाजूला ठेवून डॉकची केबल थेट मॉनिटरला लावा. तरीही ३० हर्ट्झच दिसले तर त्यात स्विचचा काही दोष नाही. काही डॉकमध्ये यूएसबीचा वेग कमी करून चारही जोड्या चित्राला देण्याची सोय असते, ती आहे का तेही पाहून ठेवा.

राईनकाठ

मी जर्मनीत याच क्षेत्रात काम करतो. कीबोर्ड आणि माऊसबद्दल लिहितो.

स्विचवर कीबोर्ड आणि माऊसची चिन्हे छापलेली पोर्ट साधी यूएसबी पोर्ट नसतात. त्यांच्यामागे एक चिप असते. ती तुमचा खरा कीबोर्ड स्वतः वाचते आणि दोन्ही संगणकांसमोर स्वतःच कीबोर्ड म्हणून कायम उभी राहते. तुम्ही दुसऱ्या संगणकावर गेलात तरी पहिल्याला कीबोर्ड उपटल्याचे कळत नाही, आणि स्क्रोल लॉक दोनदा दाबून संगणक बदलण्यासारखी सोयही याच चिपमुळे मिळते. परंतु ही चिप बहुधा यूएसबी कीबोर्डची सर्वांत साधी पद्धतच जाणते. त्या पद्धतीत प्रत्येक वेळी ८ बाइटांचा संदेश जातो. पहिला बाइट शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट अशा कळांचा, दुसरा राखीव आणि पुढचे ६ बाइट एकाच वेळी दाबलेल्या जास्तीत जास्त ६ कळांचे. बायॉसही, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा मूळ प्रोग्रामही, हीच भाषा बोलते. रंगीत दिव्यांचे मेकॅनिकल कीबोर्ड मात्र स्वतःची ओळख एकाच वेळी कीबोर्ड, माऊस, आवाजाची बटणे आणि दिव्यांचा नियंत्रक अशी अनेक रूपांत करून देतात, आणि चिप तेथेच गोंधळते. विद्युतप्रवाह मिळत असल्यामुळे दिवे लागतात, पण अक्षरे पोहोचत नाहीत.

तुमच्या कीबोर्डला सहा कळांच्या मर्यादेची किंवा बायॉसची साधी पद्धत असेल तर ती सुरू करून पाहा. कीबोर्डच्या मागे त्यासाठी एखादी सरकपट्टी असते किंवा माहितीपुस्तिकेत कळांची जोडी दिलेली असते. ते जमले नाही तर कीबोर्ड स्विचवरच्या साध्या यूएसबी पोर्टमध्ये लावा. तेथे चिप मध्ये पडत नाही आणि कीबोर्ड संगणकाशी थेट बोलतो. बहुतेक स्विचमध्ये मग कळा दाबून संगणक बदलता येत नाही, बटण दाबावे लागते, आणि दर बदलाला कीबोर्ड नव्याने ओळखला जाईपर्यंत एक-दोन सेकंद जातात. माझ्या मते ही किंमत फार नाही.

मराठी टंकणाऱ्यांसाठी येथे एक गोष्ट सांगायला हवी. कीबोर्ड फक्त कोणत्या जागेवरची कळ दाबली एवढेच कळवतो. इनस्क्रिप्ट की इंग्रजी हे संगणक ठरवतो आणि प्रत्येक संगणक आपली निवड वेगळी लक्षात ठेवतो. एका संगणकावर इनस्क्रिप्ट सुरू ठेवून दुसऱ्यावर जाऊन आलात आणि पासवर्ड चुकतो आहे असे वाटले, तर स्विचवर संशय घेण्याआधी भाषेची खूण पाहा.

बिनतारी माऊस थबकण्याचे कारण बहुधा डोंगलची जागा आहे. यूएसबी ३ ची ५ गिगाबिटांची वाहतूक जो विद्युतचुंबकीय गोंगाट निर्माण करते त्याचा मोठा भाग २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो, आणि बिनतारी माऊस तीच पट्टी वापरतो. स्विचच्या मागे, यूएसबी ३ च्या केबलींच्या गर्दीत डोंगल ठेवणे म्हणूनच सर्वांत वाईट. यूएसबी २ ची साधी एक्स्टेंशन केबल घेऊन डोंगल टेबलावर माऊसजवळ आणा.

स्विचला बाहेरून वीज देणारा अ‍ॅडॉप्टर जोडला आहे का? बरेच जण तो पेटीतच ठेवतात, कारण संगणकाच्या यूएसबीवर स्विच चालतो. परंतु यूएसबी २ च्या पोर्टमधून मिळणाऱ्या ५०० मिलिअ‍ॅम्पिअरमध्ये स्विच, दिव्यांचा कीबोर्ड आणि डोंगल यांचे भागणे कठीण आहे.

काजूबाग

धागा फार उपयुक्त आहे. मी सिंधुदुर्गातील एका शाळेची संगणक प्रयोगशाळा सांभाळतो. आमच्याकडे जुना व्हीजीए (चित्राची जुनी जोडणी) आणि पीएस/२ (कीबोर्ड-माऊसची जुनी गोल जोडणी) यांचा चार संगणकांचा स्विच आहे. संगणक बदलल्यावर कधी माऊसचा बाण कोपऱ्यात उडी मारतो आणि आपोआप क्लिक होते. एका संगणकावर मॉनिटरचे योग्य रिझोल्यूशनच मिळत नाही, १०२४ बाय ७६८ च्या वर जाता येत नाही. नवीन सामग्री घेणे सध्या शक्य नाही. काही करता येईल का?

तांबेतार

काजूबाग, दोन्ही दुरुस्त होण्यासारखे आहे.

माऊसपासून सुरुवात करतो. पीएस/२ माऊस आपली हालचाल ३ बाइटांच्या संचात पाठवतो, आणि चाकाच्या माऊसमध्ये चौथा बाइट येतो. बदल करताना एखादा बाइट मधल्या मध्ये हरवला की संगणक दुसऱ्या बाइटला पहिला समजतो. पहिल्या बाइटमध्ये बटणांची स्थिती असते, म्हणून हालचालीचा आकडा बटण समजला जातो आणि बाण उडून क्लिक होते. स्विचच्या पुस्तिकेत माऊस पुन्हा सुरू करण्याची कळांची जोडी असेल तर ती वापरा. साधा चाकाचा माऊस ठेवा, जास्त बटणांचा नको. संगणक चालू असताना पीएस/२ ची पिन काढू-लावू नका, कारण ही जोडणी चालू स्थितीत बदलण्यासाठी बनवलेलीच नाही आणि त्यात मदरबोर्डवरचा फ्यूज किंवा नियंत्रक जाऊ शकतो. विद्यार्थ्यांनाही हे आवर्जून सांगा.

रिझोल्यूशनची तक्रार बहुतेक केबलची आहे. प्रत्येक मॉनिटर आपली ओळख आणि आपल्याला झेपणारी रिझोल्यूशन १२८ बाइटांच्या तक्त्यात साठवून ठेवतो. त्याला ईडीआयडी म्हणतात. व्हीजीएमध्ये हा तक्ता १२ आणि १५ क्रमांकांच्या पिनांवरून वाचला जातो. बाजारात व्हीजीए केबल ३+२, ३+४, ३+६ अशा प्रकारांत मिळतात. पहिला आकडा लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या आवरणयुक्त तारांचा, दुसरा इतर तारांचा. ३+२ मध्ये आडव्या आणि उभ्या ताळमेळाच्या दोनच तारा असतात, ओळखीच्या तारा नसतातच. संगणकाला मॉनिटर कोणता हे कळत नाही आणि तो सुरक्षित म्हणून लहान रिझोल्यूशन धरतो. केबलवर काही छापले नसेल तर मल्टिमीटर सातत्याच्या (तार अखंड आहे का ते दाखवणाऱ्या) चाचणीवर ठेवून दोन्ही टोकांच्या १२ आणि १५ क्रमांकांच्या पिना तपासा. पिनांचे क्रमांक कनेक्टरच्या प्लास्टिकवर बारीक अक्षरांत कोरलेले असतात. किनाऱ्याच्या दमट हवेत पिनांवर हिरवट थर चढतो, तोही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. हे करताना सर्व बंद ठेवा.

सर्वांच्या उपयोगाचे म्हणून सांगतो, एचडीएमआयमध्ये हाच तक्ता १५ आणि १६ क्रमांकांच्या पिनांवरून जातो. तक्त्यातील सर्व १२८ बाइटांची बेरीज २५६ ने निःशेष भागली जावी अशी शेवटचा बाइट ठरवताना तजवीज केलेली असते. तारेत एखादा बिट जरी बिघडला तरी बेरीज चुकते, संगणक सगळा तक्ताच अविश्वसनीय ठरवू शकतो आणि चांगला मॉनिटर असूनही भलतेच रिझोल्यूशन दिसते. अशा वेळी ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसवून उपयोग होत नाही.

मुळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासण्या केल्या. डॉक थेट मॉनिटरला लावला तरी ३० हर्ट्झच मिळतात, म्हणजे लॅपटॉपच्या बाबतीत स्विच निर्दोष आहे. डॉकच्या सोबतच्या प्रोग्राममध्ये चित्राला प्राधान्य देण्याचा पर्याय सापडला आणि तो निवडल्यावर ६० हर्ट्झ मिळू लागले. डेस्कटॉप टेबलाखाली आणून दोन्ही बाजूंना आखूड केबल लावल्यावर तिकडेही ६० हर्ट्झ टिकून आहे. कीबोर्ड साध्या पोर्टवर चालतो. डोंगल एक्स्टेंशन केबलवर टेबलावर आणल्यापासून माऊस थबकलेला नाही. अ‍ॅडॉप्टर खरोखरच पेटीत होता, तो लावला.

आता उरल्या विंडो आणि झिणझिण्या. आणखी एक विचित्र गोष्ट लक्षात आली. आधीची एक केबल लावलेली असताना डेस्कटॉप बंद केला तर तो पुन्हा सुरूच होत नाही, ती केबल मॉनिटरमधून उपटली की होतो. हे काय असावे?

तांबेतार

ती केबल बाजूला काढा आणि पुन्हा वापरू नका. डिस्प्लेपोर्टच्या दोन्ही बाजूंना २० क्रमांकाच्या पिनेवर ३.३ व्होल्ट असतात, आणि ते लहान अ‍ॅडॉप्टरना वीज देण्यासाठी आहेत. दोन यंत्रांना जोडणाऱ्या केबलमध्ये ही पिन या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडलेली नसावी असे मानक सांगते. काही उत्पादक तरीही ती जोडतात. मग बंद संगणकाच्या ग्राफिक्स कार्डात मॉनिटरकडून उलटी वीज शिरते, मदरबोर्ड अर्धवट जागा राहतो आणि बटण दाबल्यावर नीट सुरू होत नाही. यात कार्डाचे नुकसानही होऊ शकते. दुकानातून नवी केबल घेताना डिस्प्लेपोर्टचे मानक ठरवणाऱ्या व्हीईएसए या संस्थेचे प्रमाणन आहे का ते विचारा. वेष्टनावर छापलेल्या आवृत्तीच्या आकड्यापेक्षा हे प्रमाणन अधिक भरवशाचे आहे.

विंडो गोळा होण्याचे कारण असे. मॉनिटर एका पिनेवर आपण हजर असल्याचा संकेत देतो. स्विच दुसऱ्या संगणकाकडे वळला की तो संकेत पहिल्या संगणकापुरता नाहीसा होतो. मॉनिटर उपटला गेला असे समजून तो संगणक सगळ्या विंडो उरलेल्या पडद्यावर आणतो. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये, अनेक पडद्यांच्या भागात, मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू असल्याची खात्री करा. पुष्कळांचे काम त्यावर भागते. कायमचा उपाय म्हणजे मॉनिटरचा तक्ता आणि हजेरीचा संकेत दोन्ही संगणकांपुढे सतत धरून ठेवणारा स्विच. तशी सोय असलेले स्विच महाग असतात, आणि खरेदीपूर्वी ही सोय तुमच्या रिझोल्यूशनला आणि डिस्प्लेपोर्टला लागू आहे का हे नीट वाचावे लागते. नुसत्या एचडीएमआयसाठी असलेली सोय येथे कामाची नाही.

पडदा काळा राहिलाच तर केबल उपटण्याआधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकत्र दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो आणि पुष्कळदा चित्र परत येते.

ऊसपट्टा

झिणझिण्यांवर मला लिहायलाच हवे, कारण या विषयाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे जळालेले पोर्ट मी पुष्कळ पाहिले आहेत. मी सांगली भागातील एका साखर कारखान्याच्या नियंत्रण कक्षात काम करतो.

संगणकाच्या वीजपुरवठ्यात आणि मॉनिटरच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये गोंगाट गाळण्यासाठी लहान कपॅसिटर बसवलेले असतात. त्यांचे एक टोक विजेच्या तारांकडे आणि दुसरे धातूच्या कवचाकडे असते. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा अल्पसा प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कवच साधारण निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. प्रवाह अगदी कमी असल्यामुळे माणसाला फक्त झिणझिण्या जाणवतात. परंतु एक संगणक अर्थिंग असलेल्या बोर्डावर आणि दुसरा नसलेल्या बोर्डावर असेल आणि तुम्ही केबल लावायला गेलात, तर तो दाब केबलमार्गे उतरतो. चांगल्या कनेक्टरचे धातूचे कवच पिनांच्या आधी टेकते म्हणून बहुतेक वेळा निभावते. कवच ढिले किंवा वाकलेले असले की तोच दाब सिग्नलच्या पिनेतून जातो आणि पोर्ट जातो. केव्हीएम स्विच सगळ्या यंत्रांची कवचे एकमेकांना जोडतो, त्यामुळे एका यंत्राचा दोष सगळ्यांपर्यंत पोहोचतो.

तुम्ही एवढे करा. दोन्ही संगणक, मॉनिटर आणि स्विच एकाच तीन पिनांच्या बोर्डावर किंवा एकाच यूपीएसवर आणा. परवानाधारक वायरमनकडून त्या सॉकेटची अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील दाब एक-दोन व्होल्टांच्या आत असावा, आणि फेज व अर्थ यांच्यातील दाब फेज व न्यूट्रल यांच्यातील दाबाच्या जवळपास असावा. दुसरे मोजमाप कमी किंवा अस्थिर आले तर अर्थची तार कोठेतरी तुटलेली आहे. जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरे छिद्र असते आणि त्यामागे तारच नसते, हे नेहमी पाहायला मिळते. व्हीजीएच्या चित्रात हळूहळू वर सरकणारे आडवे पट्टे दिसले तर दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये फरक आहे असे समजावे. ते घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो कृपया कोणीही ऐकू नये, त्याने जिवाला धोका आहे.

दूरच्या जोडणीबद्दलही थोडे लिहितो. आमचे संगणक यंत्रकक्षात आहेत आणि चालक बसतो तो कक्ष दूर आहे, म्हणून कॅट केबलवर (नेटवर्कसाठीच्या चार पीळदार जोड्यांच्या केबलवर) चालणारे केव्हीएम एक्स्टेंडर, म्हणजे चित्र, कीबोर्ड आणि माऊस दूरवर नेणाऱ्या पेट्यांची जोडी, वापरतो. गळीत हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो, त्यामुळे हंगामाआधीच प्रत्येक जोडणी तपासावी लागते. तक्रारी बहुतांश वेळा केबलमधूनच येतात. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त कॅट ६ केबल मोठ्या प्रमाणात विकली जाते. तिचा रोध जास्त, ती वाकवताना तुटते, आणि एक्स्टेंडर एका टोकाकडून दुसऱ्याला वीज देत असेल तर वाटेत दाब पडतो. तपासणी सोपी आहे. केबलच्या एका तारेचे टोक ब्लेडने खरवडा. तांब्याच्या रंगाखाली चांदीसारखा पांढरा धातू दिसला तर ती केबल परत करा.

क्रिंपिंगमध्ये (केबलच्या टोकाला कनेक्टर बसवताना) एक चूक वारंवार होते आणि साध्या टेस्टरला ती सापडत नाही. काही जण आठही तारा नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, हिरवी, निळी-पांढरी, निळी अशा सरळ रंगक्रमाने लावतात, दोन्ही टोकांना सारख्याच. टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात. पण नियमाप्रमाणे ३ आणि ६ क्रमांकांवर एकच जोडी यायला हवी. सरळ क्रमात ३ वर हिरवी-पांढरी आणि ६ वर निळी येते, म्हणजे एका सिग्नलच्या दोन तारा दोन वेगळ्या पिळांत जातात, पिळामुळे मिळणारे संरक्षण संपते आणि शेजारच्या जोडीचा सिग्नल आत शिरतो. चित्रात ठिपके येतात किंवा जोडणी मधूनच तुटते. योग्य क्रम असा आहे: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी.

जुन्या व्हीजीए एक्स्टेंडरमध्ये आणखी एक खोच आहे. लाल, हिरवा आणि निळा रंग तीन वेगळ्या जोड्यांतून जातात. जोड्यांचे पीळ वेगवेगळे असल्यामुळे आतल्या तारेची लांबी वेगवेगळी होते आणि एक रंग किंचित उशिरा पोहोचतो. अक्षरांच्या कडेला लाल किंवा निळी सावली दिसते. कॅट ६ मध्ये पिळांतला फरक जास्त असल्यामुळे तेथे कॅट ५ई बरी पडते. चांगल्या एक्स्टेंडरमध्ये प्रत्येक रंगाचा उशीर जुळवण्याची सोय असते.

आमच्याकडे साखर शुभ्र करण्यासाठी गंधक जाळला जातो. तो वायू आणि ओल यांमुळे उघडे तांबे काळे पडते, त्यात भुशाची बारीक धूळ बसते. म्हणून न वापरलेल्या प्रत्येक पोर्टला रबरी झाकण लावतो आणि दोन इमारतींमध्ये तांब्याऐवजी प्रकाशीय तंतू वापरतो. तंतूमुळे दोन अर्थिंगांमधला फरक आणि विजेच्या कडकडाटाचा धोका दोन्ही टळतात.

काजूबाग

केबल तपासली. १२ क्रमांकाची पिन जोडलेलीच नव्हती. प्रयोगशाळेतील दुसरी ३+६ केबल लावल्यावर पूर्ण रिझोल्यूशन मिळाले. ऊसपट्टा, एक शंका आहे. एक्स्टेंडरला आरजे-४५ (नेटवर्क केबलचा कनेक्टर) असते, तर त्याची केबल शाळेच्या नेटवर्क स्विचमधून नेली तर चालेल का?

ऊसपट्टा

नाही. बहुतेक एक्स्टेंडर तोच कनेक्टर आणि तीच केबल वापरतात, पण त्यातून जाणारे सिग्नल नेटवर्कचे नसतात. केबल एका पेटीतून निघून थेट दुसऱ्या पेटीत गेली पाहिजे. नेटवर्क स्विच केबलमधून वीज पुरवणारा असेल तर एक्स्टेंडर जळूही शकतो. पुस्तिकेत आयपीवर (नेटवर्कच्या नियमांनुसार) चालणारा असे स्पष्ट लिहिले असेल तरच तो नेटवर्कमधून नेता येतो. केबलच्या दोन्ही टोकांना वेगळ्या रंगाचे लेबल लावा, म्हणजे नंतर येणारा माणूस ती भलतीकडे लावणार नाही.

राईनकाठ

कार्यालयीन संगणक असलेल्यांसाठी एक जोड. मॉनिटर डिस्प्लेपोर्टचा आणि संगणक एचडीएमआयचा असेल तर स्वस्त लहान अ‍ॅडॉप्टर चालत नाही. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारा साधा अ‍ॅडॉप्टर चालतो, कारण ग्राफिक्स कार्डच स्वतः एचडीएमआयचे सिग्नल देऊ शकते. उलट दिशेने सिग्नलचे रूपांतर करणारा सक्रिय अ‍ॅडॉप्टर लागतो आणि त्याला बहुधा यूएसबीतून वीज द्यावी लागते. साधा अ‍ॅडॉप्टर केव्हीएमच्या पुढे, मॉनिटरच्या बाजूला लावला तर तो अनेकदा चालत नाही, कारण स्विच ती क्षमता पुढे नेत नाही. शक्यतो संगणक, स्विच आणि मॉनिटर या तिघांत एकाच प्रकारची जोडणी ठेवावी.

मुळाकाठ

वायरमनला बोलावले. टेबलाजवळच्या सॉकेटच्या अर्थची तार बोर्डाच्या आत सुटलेली निघाली. ती जोडल्यावर झिणझिण्या थांबल्या आणि आता सर्व यंत्रे एकाच बोर्डावर आहेत. विंडोंच्या जागाही सेटिंग चालू केल्यावर टिकतात. एकच उरले आहे. वीज जाऊन परत आली की डेस्कटॉपवर चित्र येत नाही, मॉनिटर बंद-चालू करावा लागतो.

तांबेतार

वीज परतल्यावर सगळी यंत्रे एकदम सुरू होतात. मॉनिटर आणि स्विच जागे होऊन तक्ता वाचायला देण्याआधीच डेस्कटॉप तो मागतो आणि रिकामे उत्तर घेऊन पुढे जातो. बायॉसमध्ये वीज परतल्यावर संगणक आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू असेल तर तो बंद ठेवा. आधी मॉनिटर आणि स्विच सुरू होऊ द्या, स्विचवर डेस्कटॉप निवडा, मग डेस्कटॉप सुरू करा. मॉनिटरच्या मेनूमध्ये पोर्ट आपोआप शोधण्याऐवजी डिस्प्लेपोर्ट कायम निवडून ठेवा आणि खोल झोपेचा पर्याय बंद करा. स्विच आणि मॉनिटर लहान यूपीएसवर घेतलेत तर वीज गेली तरी ते जागेच राहतील आणि हा क्रम पाळण्याची गरजही पडणार नाही.